माळ्यावरची पुण्याची बाई

तमाम वाचकांना, विशेषतः शिक्षण खात्याशी ज्यांचा दूरान्वयानंही संबंध येतो त्या सर्वांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, भोरड्या आल्या आहेत.

बातमी पक्की आहे. काल सकाळी गच्चीवर केस वाळवत उभी असताना मी स्वतः पाहिलं. धाराशिवची घरं जिथं संपतात आणि शाळू सुरू होतो, तिथं कुणीतरी काळी घोंगडी झटकावी तसा पाखरांचा थवा उठला, आभाळात एक वळसा घेतला आणि पुन्हा कणसांवर जाऊन पडला. ज्वारी चिकात आली, आता हुरडा होणार, आणि वरच्या वर्गांतले बाक रिकामे होणार. भोरड्यांचा आणि शिक्षणाचा काय संबंध असं जे विचारतील, त्यांनी मराठवाड्यात मास्तरकी केलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

आमच्या शाळेत सध्या दुसऱ्याच बातमीचा गाजावाजा आहे. गेल्या महिन्यात रंगीत टीव्ही आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, पाहुण्यांनी 'आता खेड्यातला विद्यार्थी मागं राहणार नाही' असं सांगितलं, आणि मग टीव्ही लाकडी कपाटात गेला. कपाटाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मुख्याध्यापक बहुतेक जिल्हा परिषदेत. मुलं जाता-येता कपाटाकडे बघतात. परवा पाचवीतल्या एकानं विचारलं, "बाई, आत खरंच टीव्ही हाय, का नुसतंच कपाट दिलंय सरकारनं?" मी म्हटलं, "श्रद्धा ठेव."

मी यंत्रांना हसते असा समज करून घेऊ नका. मी एका यंत्राबरोबर संसार केलेला आहे, आणि तोही नवऱ्यासकट.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं येरमाळ्यापासून आत, दोन ओढे ओलांडून लागणाऱ्या एका गावात होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून माझ्या ओळखीचे आहेत आणि तोंडाचे फटकळ आहेत. पत्र्याची दोन खोल्यांची शाळा, सात वर्ग, दोन शिक्षक. पहिली ते तिसरी माझ्याकडे, चौथी ते सातवी ह्यांच्याकडे. हे म्हणजे आमचे हे. नाव घेतलं असतं, पण उखाणा सुचेपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ नसेल. शाळेत मी ह्यांना गुरुजी म्हणे आणि हे मला बाई म्हणत. कधीकधी घरी आल्यावरही ह्यांच्या तोंडून "बाई, जरा पाणी" असं निघून जाई. मग मी पाण्याच्या तांब्याबरोबर छडीही नेऊन ठेवी.

राज्यं तेव्हा फार भराभर बदलत होती. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं; ते मोडलं आणि आम्ही मुंबई राज्यात जाऊन पडलो. गाव जागचं हललं नाही, नुसती त्याच्या डोक्यावरची पाटी बदलत राहिली. पाटी बदलणं सोपं असतं. ह्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. ह्यांच्या डोक्यातला भूगोल अजून 'जुगराफिया' होता आणि त्रिकोण 'मुसल्लस' होता. हे फळ्यावर सुरेख त्रिकोण काढत, वर्गाकडे वळत, तोंड उघडत आणि तसेच थांबत. तो शब्द हैदराबादहून निघून मुंबई राज्यात येईपर्यंत सगळा वर्ग श्वास रोखून बसलेला असे. शेवटी सातवीतली सोजर हळूच म्हणे, "त्रिकोन, गुरुजी."

"बिलकुल!" हे म्हणत, आणि जणू शब्द आपणच काढून घेतला अशा थाटात पुढं शिकवत.

सोजर ही सातवीतली एकुलती एक मुलगी. उंच, काटक, बोलताना वेणीचं टोक चावायची सवय. तिचं शेत शाळेला लागून, ओढ्याच्या पलीकडं. वडील तात्या. तात्या म्हणजे अर्ध्या गावाचे तात्या. स्वतः कधी शाळेची पायरी चढलेले नाहीत, पण शाळेचे पत्रे वाऱ्यानं उडाले तेव्हा बैलगाडीनं गोळा करून आणणारे तेच.

अशा आमच्या सुखी संसारात एका हिवाळ्यात दुसरी बाई आली.

ती एस.टी.च्या टपावरून आली. येरमाळ्याच्या थांब्यावर तिला उतरवून घ्यायला हे स्वतः गेले, आणि बैलगाडीत स्वतःच्या पांघरुणात गुंडाळून तिला घेऊन आले. ते पांघरूण माझ्या माहेरचं होतं, तुळजापूरचं, हे मी त्या वेळीही सुनावलं होतं. आत एक लाकडी पेटी होती, पुढं जाळीचं कापड, खाली दोन बटणं. सोबत एक कर्णा, आणि उचलताना माणसाच्या तोंडून देवाचं नाव निघावं इतकी जड बॅटरी. सरकारनं निवडक शाळांना शैक्षणिक रेडिओ दिले होते, त्यातला एक आमच्या नशिबी आला होता. आवाज पकडायला दोन बांबूंमध्ये तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी ताणली. दुसरी तार जमिनीत पुरली, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून तिला रोज तांब्याभर पाणी घालायचं ठरलं. आमच्याकडे तुळस कधी सुकली असेल, ती तार सुकली नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी पाठ असे. बटण फिरवलं की आधी फुटाणे भाजल्यासारखा आवाज येई, पेटीतून गरम लाकडाचा वास सुटे, आणि मग ती बोले. "नमस्कार, विद्यार्थी मित्रहो!" कसला आवाज होता! धुतलेला, निळीतून काढलेला, इस्त्री केलेला. ती पुण्याहून बोलते असं ह्यांनी सांगितलं, तेव्हापासून गावात तिचं नाव 'पुण्याची बाई' पडलं. मी आपसूकच 'गावची बाई' झाले.

तिनं त्या हिवाळ्यात गोदावरी नदीचा प्रवास सांगायला घेतला होता. एकदम सगळी नदी नाही. दर पाठाला थोडी थोडी. त्र्यंबकच्या डोंगरातलं पाणी एका पाठात निघालं ते नाशिकला पोचायला पुढचा शुक्रवार उजाडला. मुलं पुढं बसत आणि हे मागं, भिंतीला टेकून उभे राहत. त्यांचे ओठ हलत असत. ती 'उगम' म्हणाली की हे न आवाज काढता 'उगम' म्हणत. 'खोरं' म्हणाली की 'खोरं'. चाळिशीकडे झुकलेला मुख्याध्यापक मुलांच्या पाठीमागं उभा राहून चोरून शिकत होता, आणि आपल्याला कुणी पाहत नाही अशी त्याची खात्री होती. मी दाराच्या फटीतून पाहत असे. घरी आल्यावर हे म्हणत, "बाईंचा 'संगम' हा शब्द ऐकला? क्या बात है!"

"ऐकला," मी म्हणे. "भाकरी गार होतेय."

असं सगळं ठीक चाललं होतं. मग संक्रांत झाली, आणि भोरड्या आल्या.

ज्यांनी हे दिवस पाहिलेले नाहीत त्यांना कसं सांगावं? सकाळी पाल्यावर दव असतं, त्यातून चाललं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. उन्हं वर आली की शाळूला एक गोड, कोवळा वास सुटतो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवतात, त्या आगटीत कणसं भाजतात, आणि कुणीतरी ती तळहातावर चोळून हिरवे गरम दाणे तुमच्या ओंजळीत टाकतं. वर लसणाची चटणी. एवढं चांगलं पृथ्वीवर दुसरं काही नाही, आणि हे पाखरांनाही ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक शेतात चार मेढी रोवून उंच माळा बांधतात आणि त्यावर गोफण देऊन कुणालातरी उभं करतात. हे कुणीतरी म्हणजे शाळेत जाणारं पोर. गडी-माणसांना दुसरी कामं, बायकांना त्याहून जास्त. पाखरं राखणं हे पोरांचं, त्यातही पोरींचं काम, असं आमच्याकडे ठरूनच गेलेलं. कुणी ठरवलं, कुणास ठाऊक. मंगळवारी ह्यांनी बटण फिरवलं तेव्हा पुण्याची बाई पैठणचं वर्णन करत होती, आणि सातवीच्या जागी नुसती सतरंजी होती.

बाहेर, ओढ्याच्या पलीकडून, सोजरची आरोळी येत होती. "हाऽऽ हुर्र्याऽऽ!" आणि मग गोफणीचा फटका.

आता यात काय मोठं, असं वाटेल. चार-सहा आठवड्यांचा प्रश्न. पण सातवीची परीक्षा तेव्हा येरमाळ्याच्या केंद्रावर असे, आणि शेवटच्या महिन्यांतली हजेरी कमी पडली तर शाळा तपासणारे डिप्टी साहेब परीक्षेला बसू देत नसत. सातवी पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता येत असे. सोजरनं ते माझ्याकडे बघून ठरवलेलं होतं. सातवी नापास किंवा अर्धवट राहिलेल्या मुलीला जे होता येत असे, तेही ठरलेलं होतं. कळंबकडचं स्थळ आलेलं होतं आणि लगीनसराई फार लांब नव्हती.

एका सकाळी ती धापा टाकत दारात उभी राहिली. कमरेला गोफण गुंडाळलेली.

"बाई, म्या नुसती हजेरीला येत जाऊ का? नाव पुकारलं की हाजर म्हनते आन् पळत माळ्यावर जाते. वढाच तर हाय मधी."

हे आतून ऐकत होते. "ना! हाजिरी म्हणजे हाजिर असणं," हे म्हणाले. "डिप्टी साहेब विचारतील तर मी काय सांगू? मुलगी हाजिर होती आणि पळतही होती?"

मी तात्यांकडे गेले. ते बांधावर बसून अंबाडीची दोरी वळत होते.

"बाई, तुमचं समदं खरं," तात्या म्हणाले. "पर चार म्हयने पोसलेलं कनीस चार दिसांत जातंय. साळा काय उडून चाललीय व्हय?"

"साळा नाही, परीक्षा उडून चाललीय."

"मग पाखरांला सांगा की, परीक्षा होस्तवर दम धरा म्हनावं."

मी ओंजळभर हुरडा खाऊन परत आले.

त्या दिवशी हे जेवले नाहीत; म्हणजे जेवले, पण तिसरी भाकरी नको म्हणाले, ते आमच्याकडे उपोषणच. आणि सकाळी उठून एकदम जाहीर केलं, "मुलं पाठाला येत नसतील तर पाठ मुलांकडे जाईल." शुक्रवारी दुपारी पुन्हा माझ्या माहेरचं पांघरूण निघालं. पुण्याची बाई बैलगाडीत बसली, कर्णा मांडीवर घेऊन हे बसले, आणि वरात ओढा उतरली. माळ्याच्या मेढीला एक बांबू बांधला, समोरच्या बाभळीला दुसरा. तार जमिनीत पुरली. पेटी माळ्यावर चढवली तेव्हा आजूबाजूच्या शेतांतली पोरं गोफणी गळ्यात अडकवून माळ्याखाली जमा झाली. तेवढ्यात रान मोकळं सापडलं म्हणून भोरड्या अख्ख्या शिवारावर उतरल्या. तात्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते भूगोलाविषयी आस्था असलेल्या माणसाचे नव्हते.

ह्यांनी बटण फिरवलं. कर्ण्यातून आधी खर्रर्र करून असा आवाज निघाला की बैलानं दावं ताणलं. आणि मग मोकळ्या रानात, चारी दिशांना, निळीतून काढलेला तो आवाज गेला:

"नमस्कार, विद्यार्थी मित्रहो!"

सगळं शिवार उठलं. चार शेतांतल्या भोरड्या, चिमण्या, होले, एकूण एक पाखरू आभाळात. वर अंधारून आलं. ती बोलत राहिली आणि पाखरं वरच्या वर घिरट्या घालत दूर डोंगराकडे निघून गेली.

तात्या दोरी वळायचे थांबले. "आयला," ते म्हणाले, "पुन्हा म्हनाया सांगा की तिला."

पाठ संपेपर्यंत एक पाखरू खाली बसलं नाही. आणि पाठ संपल्यावर तात्यांनी तो प्रस्ताव मांडला, जो माझ्या मते आमच्या जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात पाटीवर कोरून ठेवायला हवा.

"गुरुजी, ही तुमची बाई माझ्याकडं ठिवा. आन् माझी सोजर तुमी न्या."

हे लाल झाले, पिवळे झाले. "सरकारी चीज आहे, तात्या. मुनासिब नाही."

"पाखरं बी सरकारीच हायेत. त्यांनी खाल्ल्यालं कुनी भरून देत न्हाय."

मी मध्ये तोंड घातलं. "गुरुजी, परीक्षा कुणाची आहे? सोजरची का पेटीची?"

मग ह्यांनी बोटांवर मोजत अटी घातल्या. बॅटरी मर्यादित, म्हणून सकाळी आणि कलत्या उन्हात, पाखरं उतरतात तेवढ्याच वेळी बटण फिरवायचं. मंगळवारी-शुक्रवारी सगळा वर्ग शेतात येईल आणि पाठ ऐकून परत जाईल. आणि पेटीला कुणी हात लावता कामा नये. ओरखडा उठला तर ह्यांची नोकरी जाईल. "त्याची काळजी नगं," तात्या म्हणाले, "म्या स्वता हितं बसून ऱ्हाईन."

आणि तात्या बसले. रोज, दिवसभर, माळ्यावर, पेटीला राखत. पेटी पाखरं राखत होती आणि तात्या पेटी राखत होते. दिवसभर माळ्यावरच बसायचं तर हातात गोफण घेतली असती तरी चाललं असतं, हा विचार अख्ख्या गावात कुणाला शिवला नाही. मला शिवला होता. पण सातवीचा वर्ग भरला होता. कर्ण्याचा आवाज चार शेतांत पोचत होता आणि चारही शेतांतली पोरं सतरंजीवर येऊन बसली होती. अशा वेळी बाईमाणसानं शहाणपण दाखवू नये.

मला ते आठवडे आठवतात ते असे तुटक तुटक. सकाळच्या थंडीत फळ्यावर बोटं बधिर होत असताना ओढ्यापलीकडून येणाऱ्या बातम्या. पाखरांच्या आवडीनिवडी तात्या मोठ्या बारकाईनं सांगत. बातम्यांना उडतात. शेतीच्या सल्ल्याला उडतात. "पर त्यो बुवा गानं म्हनाया लागला की संपलं बगा. आऽऽ करून झोपतोय का काय, पाखरं निवांत बसून खायलेत." त्यानंतर शास्त्रीय गायन लागलं की तात्या बटण बंद करून स्वतः ओरडत. मंगळवारी मुलांची रांग ओढा ओलांडून जाई. एकीकडे आगटी, तळहात काळे, ओठ काळे, आणि वरून नदी वाहत असे. पैठण मागं टाकून पुढं पुढं. माझ्या तिसरीतली पोरंही मागं लागून येत, आणि हुरडा संपला की त्यांचं नदीवरचं प्रेम आटे.

तात्या पाठाकडे पाठ करून बसत. दोरी वळत. आपल्याला यातलं काही देणं-घेणं नाही, आपण फक्त पेटीसाठी. पण एकदा त्यांची दोरी वळताना थांबली, आणि त्यांनी सोजरला हळूच म्हटलं, "गुरुजींला इचार, आपल्या वढ्याचं पानी कुठं जातंय."

सोजरनं विचारायच्या आतच हे काठी घेऊन खाली उतरले. मऊ मातीत त्यांनी रेघ काढली. "हा आपला ओढा. तो तेरणेला मिळतो. तेरणा जाते मांजरेला. आणि मांजरा..." काठी लांब गेली, माणसांनी पाय उचलून जागा दिली, "मांजरा जाते गोदावरीला."

"त्या बाईच्या?"

"त्याच."

तात्या उतरून त्या रेघेजवळ उकिडवे बसले. आमच्याकडे पाणी म्हणजे पावसाळ्यात धावत येतं आणि निघून जातं; कुठं, ते कुणी विचारत नाही. खाली जातं, असं म्हणतात. 'खाली' म्हणजे जे आपल्याला मिळालं नाही त्या सगळ्याचं गाव.

"म्हंजी आपलं पानी तिला भेटनार," तात्या म्हणाले. "कवा?"

"पाठ नांदेडच्या पुढं गेला की," हे म्हणाले.

तात्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोरी घेतली. पण मला वाटतं, त्या दिवसापासून ती दोरी फारशी वाढली नाही.

परवा, त्या टीव्हीच्या निमित्तानं, आम्हा शिक्षकांना शैक्षणिक साधनांच्या शिबिराला बसवलं होतं. तरुण, उत्साही साहेब होते. साधन कसं हाताळावं, कुठं ठेवावं, धूळ कशी झटकावी, सगळं सांगितलं. छान सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. यंत्र चालतंय की नाही हे दिव्यावरून कळतं. ते शिकवतंय की नाही हे कशावरून कळतं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारलं असतं तर मलाही नीट सांगता आलं नसतं. मी आपली एका अर्धवट वळलेल्या दोरीची गोष्ट सांगितली असती, आणि शिबिरात तिचा उपयोग नव्हता.

मग बॅटरी उतरू लागली. इतका वापर तिच्या नशिबात लिहिलेला नव्हता. हे तिला उन्हात ठेवत. उन्हात ठेवली की जरा तरतरी येई, मग पुन्हा मलूल. नवीन मागवली होती, पण मागवलेली वस्तू आणि आलेली वस्तू यांच्यात सरकारचं एक मोठं रान पसरलेलं असतं. आवाज रोज थोडा खाली जात होता.

"बाईचा घसा बसलाय," तात्या मला म्हणाले. "हळद-गूळ धाडा की पुन्याला."

"परत आणू का पेटी? पाखरं आता घाबरत नसतील."

"घाबरत्यात की," तात्या घाईनं म्हणाले. "लई घाबरत्यात."

अशात शुक्रवारी दुपारी, वर्ग शेताकडे निघणार तोच, न कळवता, डिप्टी साहेब आले. देशावरून नुकतेच बदलून आलेले, अंगानं बारीक, पाटलोणीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली. ती काढत काढतच त्यांनी सातवीची हजेरी पाहिली. चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. सुगीच्या तोंडावर पूर्ण वर्ग त्यांनी या भागात पाहिला नव्हता. मग सोजरला उभं करून प्रश्न विचारले. ती वेणीचं टोक चावत, पण न अडखळता उत्तरं देत गेली. साहेबांचा चेहरा उजळला. "ही मुलगी पास होईल," ते म्हणाले. "हजेरी अशीच राहिली पाहिजे मात्र." आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "आज शुक्रवार. रेडिओचा पाठ असेल ना? संच कुठं आहे?"

मी देवीचं स्मरण केलं. खोटं बोलायला ही उत्तम वेळ होती: दुरुस्तीला पाठवलाय, बॅटरी संपलीय. पण आमच्या ह्यांना खोटं बोलायचं म्हणजे आधी उर्दूत जुळवून मग मराठीत आणावं लागे.

"साहेब," हे म्हणाले, "शेतात आहे."

"शेतात काय करतोय?"

"पाखरं राखतोय."

साहेबांनी छत्री उचलली आणि चालू लागले. मागं हे, ह्यांच्या मागं मी, आमच्या मागं सातवीचा वर्ग. ओढा ओलांडला तेव्हा साहेबांच्या पाटलोणीला उरलेली कुसळंही चिकटली.

शेतात शांतता होती. म्हणजे, पाखरांची नव्हती. भोरड्या कणसाकणसावर बसलेल्या होत्या आणि पंक्तीला बसल्यासारख्या आरामात जेवत होत्या. एक चिमणी कर्ण्याच्या कडेवर बसून पंख साफ करत होती. आणि माळ्यावर तात्या, फेटा काढून बाजूला ठेवलेला, डोळे मिटलेले, कान थेट कर्ण्यात घातलेला.

"अहो!" साहेबांनी हाक मारली.

तात्यांनी डोळे न उघडता हात वर केला. "गप ऱ्हावा जरा! नांदेड आलंय."

मुलं फिस्सकन हसली. तात्यांनी डोळे उघडले, छत्री पाहिली, साहेब पाहिले, आणि फेटा चाचपू लागले.

"हा सरकारी संच पाखरं हाकलायला ठेवलाय म्हणे," साहेब म्हणाले.

"व्हय, साहेब."

"मग ती पाखरं काय करतायत?"

तात्यांनी शेताकडे पाहिलं. बघितलं नसतं तर बरं, असं त्यांच्या तोंडावर होतं. "खायलेत," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"आवाज बसल्यापून."

"आणि तुम्ही इथं बसून राहिलात? गोफण नाही, ओरडणं नाही?"

"ओरडलं तर," तात्या पुटपुटले, "बाईचं ऐकू येत न्हाय."

सोजर बापाकडे बघत होती. हे मातीतल्या त्या जुन्या रेघेकडे बघत होते. ती पुसट झाली होती, पण कुणीतरी तिच्यावर अलीकडेच पुन्हा बोट फिरवलेलं दिसत होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. रागावलेले होते की हसू दाबत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. "संच आत्ताच्या आत्ता शाळेत जाईल," ते म्हणाले. "नवी बॅटरी मी स्वतः पाठवतो, ती शाळेतच राहील. आणि या मुलीची हजेरी इथून पुढं एक दिवस जरी चुकली, तरी मी तिला परीक्षेला बसू देणार नाही. आता तुमचं तुम्ही बघा."

सौदा मोडला होता. बाई शाळेत म्हणजे सोजर माळ्यावर. हिशोब सगळ्यांना ठाऊक होता. तात्यांनी पेटी छातीशी धरून जपून खाली उतरवली आणि ह्यांच्या हातात दिली. सोजरनं परकर कमरेला खोचला, मेढीला अडकवलेली गोफण घेतली आणि माळ्याच्या पहिल्या आडव्या लाकडावर पाय ठेवला. मी तोंड फिरवणार होते.

तात्यांनी एका ढांगेत जाऊन तिच्या हातातली गोफण हिसकावली. साहेब, गुरुजी, अख्खी सातवी, कुणाचंही भान न ठेवता ते तिच्यावर खेकसले,

"उतर खाली! साळंत जाऊन बस! तू हितं बसलीस तर आपलं पानी फुडं कुठं मिळालं, ते सांजच्याला मला कोन सांगंल?"